अक्का, तुमच्या पानावर माझं नाव नव्हतं

अक्का, परवा तुमचे दिवस संपून गंधमुक्तीचं जेवण झालं, आणि काल सकाळी चहा झाल्यावर मी सवयीनं लॅपटॉप काखेत मारून तुमच्या खोलीत आले. गादी उचललेली, खाट भिंतीला उभी केलेली. मी दारातच थबकले. मग म्हटलं, आलेच आहे तर बसते. फरशीवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला, तुमचं 'अक्कानी चूल' हे पान उघडलं आणि तुमच्याशी भांडायला लागले. चांगलं मोठ्यानं. तुमचा दीपक दारातून डोकावला, "काकी, कोनासंगे बोली ऱ्हायनी?" मी म्हटलं, "तुन्ही मायसंगे. तू जाय, तुन्हं काम कर." बिचारा गेला.

आपण दोघी जावा. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. एकाच ओसरीच्या दोन टोकांना दोन चुली, आणि मधल्या जागेत कायम कशावरून तरी वाद. गावात बायका म्हणायच्या, ह्या दोघींचं पटतं कसं? पटायचं हो, पण भांडल्याशिवाय पटायचं नाही. ज्या दिवशी भांडण नसायचं त्या दिवशी तुम्हीच विचारायच्या, "काय वं, ताप उना का तुले?"

आता हे पान. सुरतेला, नाशिकला गेलेल्या आपल्या गावच्या पोरी तुम्हाला फोन करकरून विचारायच्या, अक्का, भरीत कसं घोटायचं, डुबुकवडे फुटतात का, कळण्याची भाकरी थापताना चिरते का. तेच तेच सांगून तुमचा घसा बसला, तेव्हा दीपकनं सुट्टीत येऊन तुम्हाला वेबसाईट करून दिली. तुम्ही तिला वेबसाईट कधी म्हटलं नाही. "मन्हं पान" म्हणायच्या. तुम्ही खाटेवर बसून सांगणार, मी खाली बसून टाइप करणार. तुमची अहिराणी मी शाळेच्या मराठीत वळवायची, आणि तुम्ही ती ऐकून म्हणायच्या, "हाई काय मास्तरीणगत लिखं तू? आशी बोलस का मी?" मग मी पुन्हा लिहायची. नखरे काय कमी होते तुमचे!

पण तुमची खरी खोड वेगळीच. प्रत्येक पदार्थ सांगून झाला की शेवटी एक ओळ ठरलेली: 'याहून चांगलं खायचं असेल तर इथे जा.' आणि खाली दुसऱ्याच कुणाच्या तरी पानाची लिंक. भरताच्या खाली चोपड्याकडच्या बाईची. मांड्यांच्या खाली शिरपूरच्या बाईची. मी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. "अक्का, लोक आपल्या दारात आलेत आणि तुम्ही त्यांना बोट धरून दुसऱ्याच्या दारात सोडता? कोणी करतं का असं? लोक आपल्या पानावर माणसं थांबावीत म्हणून काय काय करतात, आणि तुम्ही हाकलता!" तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "जावू दे ना. तठे पोट भरनं ते आपलंच नाव काढतीन." त्या वादाचा निकाल काही लागला नाही. मला अजून वाटतं माझंच बरोबर होतं. पण तुमच्या पानावर लोक परत परत यायचे, हेही खरं, आणि हे मी तुमच्यासमोर कधी मान्य केलं नसतं.

बरं, लिंक द्यायची तर द्यावी ना सरळ. पत्ता कॉपी करायचा, चिकटवायचा, झालं. तुमचं तसं नाही. दुसऱ्याच्या घराचा रस्ता दाखवायचा तर आधी त्या घराला विचारलं पाहिजे, असा तुमचा कायदा. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव घालायचं तर आपण त्याच्या घरी जाऊन विचारतो, तसंच हे, म्हणायच्या. आणि विचारायचं म्हणजे फोनवर नाही. नारळ घेऊन, प्रत्यक्ष जाऊन, वर त्यांच्या हातचं खाऊन. मी म्हटलं, "जगात लिंक मागायला नारळ घेऊन जाणारी बाई तुम्ही एकट्याच असाल." तुम्ही म्हणालात, "मंग जगले शिकाडू."

धडगावची वारी आठवते? वारी कसली, वरातच. मीनाताई पावरा, धडगावच्या अंगणवाडीत काम करणाऱ्या, त्यांचं पान तुम्हाला दीपकनं दाखवलं होतं. डोंगरातल्या रानभाज्या, आमचूर, मोहाची फुलं, सगळं त्यांनी फोटोंसकट लिहिलेलं. त्यांच्या आमचुराच्या डाळीची लिंक द्यायची म्हणून तुम्ही मला शहाद्याहून जीपमध्ये कोंबलंत. पुढच्या सीटवर तुम्ही, मांडीवर नारळ, आणि मागे मी, एका बाजूला कोंबड्यांची डालगी, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी झोपलेलं पोर माझ्या खांद्यावर. घाटात प्रत्येक वळणाला तुम्ही मागे वळून विचारायच्या, "पोटमा ढवळी ऱ्हायनं का वं?" विचारून विचारून ढवळवलंत शेवटी.

मीनाताईंना काही कळेना. दोन बायका एवढा घाट चढून आल्या, नारळ पुढे केला, आणि म्हणतात, तुमच्या पानाची लिंक आमच्या पानावर टाकू का? त्या हसल्या, म्हणाल्या, "अहो, फोन केला असता तरी चाललं असतं." तुम्ही लगेच, "फोनवर चव कयस का?" मग डाळ आली. गरम भाकरी, आमचुराची डाळ, वर कच्चं तेल. तुम्ही पहिला घास घेऊन डोळे मिटले. तुम्हाला आवडलं की तुम्ही बोलायच्या नाहीत, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्या घाबरल्या. मी म्हटलं, पास झालात, काळजी करू नका. जेवण झाल्यावर तुम्ही मला म्हणालात, "जाय, भाईर कैऱ्याना फोडी वाळत घाल्यात, त्या दखी ये." मी म्हटलं, कैरीच्या फोडी काय बघायच्या? पण तुमच्या आवाजात ते थोरलेपण आलं की उठावंच लागतं. मी अंगणात जाऊन ऊन खात बसले. आत तुमच्या दोघींचं बराच वेळ हळू आवाजात चाललं होतं. मला वाटलं, कृती विचारत असतील.

आणि त्या तळोद्याच्या सुशीलाबाई! त्यांचं नाव काढलं की अजून माझं डोकं तापतं, पण सांगते. तुमच्या पानावर सगळ्या लिंकांचं एक वेगळं पान होतं, 'आपल्या बाया' म्हणून. तुम्ही ती नावं लग्नपत्रिकेसारखी लावलेली, मानानुसार. वयानं मोठी ती वर, मग बाकीच्या. सुशीलाबाईंचं नाव खाली गेलं. त्यांच्या कुणा भाचीनं ते पाहिलं आणि झालं! सुशीलाबाई रुसल्या. फोन उचलेनात. आता इंटरनेटवर कोण कुठे वर-खाली आहे यावरून जगात कोणी रुसतं का? पण आपल्याकडे पत्रिकेत काकाचं नाव मामाच्या खाली गेलं तर काका लग्नाला येत नाही, हे तुम्ही विसरलात कशा, याचंच मला नवल. चूक तुमचीच होती, पत्रिकेसारखं लावायला सांगितलं होतं कोणी?

तुम्ही एसटीनं तळोद्याला गेलात. परत नारळ. परत जेवण. आल्यावर मला म्हणालात, सगळ्यांची नावं दर महिन्याला फिरवायची, जी खाली ती वर. दर महिन्याला ते फिरवणार कोण? मी! तुमचा मान, आणि बोटं माझी.

आता खऱ्या भांडणाकडे येते, कारण ते अर्धं राहिलंय.

धडगावच्या वारीच्या थोडं आधीच मी माझं पान सुरू केलं होतं ना, 'उन्हातलं'. वाळवणाचं. ज्वारीचे बिबडे, कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, आणि आपल्या नंदुरबारच्या मिरचीचा ठेचून वाळवलेला मसाला. तुमचं चुलीवरचं, माझं उन्हातलं, कुठे आडवं जात नव्हतं. पान झालं तेव्हा मी मोठ्या हौशीनं तुमच्यापुढे लॅपटॉप धरला. तुम्ही चष्मा लावून, बोटानं वर सरकवत सरकवत सगळं पाहिलंत. म्हणालात, "बरं शे." बरं! एवढंच. मी म्हटलं, मग टाका माझी लिंक तुमच्या पानावर. तुम्ही चष्मा काढलात. "घरनाच पानवर घरनीनं नाव? लोके हाशतीन वं. म्हनतीन, घरमाच एकमेकीसना पाठ थापटी ऱ्हायन्यात."

मी म्हटलं, ठीक आहे. मनात म्हटलं, थांबते, येईल वेळ. आणि वेळ आली कशी? तुम्ही तुमच्या पानावर बिबड्यांची कृती घेतली. माझ्या ओसरीत बसून, माझ्या पातेल्यातला गरम घाटा, बिबड्यांचं शिजवलेलं पीठ, वाटीत घेऊन, तेल घालून चाटून पुसून खाल्लात, मला टाइप करायला लावलंत, आणि शेवटची ओळ आली, 'याहून चांगलं खायचं असेल तर इथे जा.' माझी बोटं कीबोर्डावर तयार. म्हटलं, आता तरी. तुम्ही म्हणालात, "टाक, सुशीलाबाई, तळोदा."

मी टाकलं. दात-ओठ खात टाकलं. लिंक टाकली की दाबून बघायची, उघडते का, हा तुमचा दुसरा कायदा. दाबली. सुशीलाबाईंचं पान उघडलं, तुळशीवृंदावनाशेजारी त्यांचा फोटो दिसला आणि मी खटकन बंद केलं. म्हटलं, उघडतं, बास. त्यानंतर ते पान मी जन्मात उघडायचं नाही असं ठरवलं, आणि ठरवलेलं मी पाळते. मीनाताईंच्या पानाकडेही मी फिरकले नाही, रागच आला होता सगळ्या लिंकांचा. तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. तुम्ही भाजीची वाटी पाठवलीत, मी ती रिकामी करून परत पाठवली आणि तरी बोलले नाही.

मग हळूहळू माझ्या पानावर लोक यायला लागले. धडगावहून कुणी फोन करून विचारे, तुमचे बिबडे दाताखाली कसे लागतात हो इतके हलके? तळोद्याहून, नवापूरच्या बाजूनं, चिंचपाड्याहून. एका बाईनं तर डोंगरातल्या काठी गावाहून फोन केला, होळीला घरी पाहुणे येणारेत, बिबडे पाठवाल का म्हणून. मी तुमच्यासमोर फोन स्पीकरवर लावायची मुद्दाम. फोन ठेवला की म्हणायची, "बघा अक्का. कुणाच्या लिंकेशिवाय, कुणाच्या नारळाशिवाय. आपल्या हाताच्या गुणावर." तुम्ही सुपारी कातरत म्हणायच्या, "व्हय माय, तुन्ही हुशारी." आणि हसायच्या. त्या हसण्याचा मला असा काही संताप यायचा! मला वाटायचं, जळतायत.

त्यातच तुम्ही गेलात. फार काही झालं नाही, कुणाला त्रास दिला नाहीत, सगळं तुमच्या पद्धतीनं नीटनेटकं. मला मात्र इतका राग आला तुमचा. भांडण अर्धं टाकून कोण जातं? माझा चहा अजून दोघींचाच होतो. उरलेला मी टाकत नाही, गार पिते. तुमची आठवण येते हो अक्का, फार येते, आणि ती कुणाला सांगायची तर ज्यांना सांगायची सवय होती त्याच तुम्ही.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी दीपक म्हणाला, "काकी, आता पान तुमच्या हातात. एवढ्या लिंका कशाला, काढून टाकू का बाकीच्या? आणि तुमची टाकून घ्या आता, कोण अडवतंय?" खरंच, कोण अडवणार? पासवर्ड माझ्याकडे. मी बिबड्यांचं पान उघडलं. सुशीलाबाईंच्या नावाखाली माझं नाव टाइप केलं, 'उन्हातलं'. छान दिसत होतं. जतन करायचं बटण समोर. आणि माझं बोट काही खाली जाईना. तुम्ही म्हणालात नाही, आणि मी मागच्या दारानं शिरले, असं ते नाव रोज माझ्याकडे बघत बसलं असतं. मला तिथे माझं नाव नको होतं अक्का, मला तुम्ही टाकलेलं हवं होतं. मी ते पुसलं. दीपकला सांगितलं, एकही लिंक हलायची नाही, आहे तशी राहू दे.

दुसऱ्या दिवशी गंधमुक्तीला बाया आल्या. तुमच्या 'आपल्या बाया', जवळजवळ सगळ्याच. मीनाताई पहाटेच्या जीपनं घाट उतरून आलेल्या. सुशीलाबाई भाचीला घेऊन आलेल्या. ओसरीत बसल्या, रडल्या, तुमचं हे काढ, ते काढ. जेवणं झाली. पंगतीत तळलेले बिबडे वाढले होते, माझे, आणि सुशीलाबाईंनी एक तोडून तोंडात टाकला. म्हणाल्या, "हेच का ते 'उन्हातलं'?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? माझ्या पानावर तुमचीच लिंक आहे की. बिबड्यांच्या खाली. वर्ष झालं असेल."

मी मीनाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याही आहे. अक्कांनीच तर टाकायला लावली. त्या दिवशी तुम्ही अंगणात कैऱ्या बघत होतात ना? तेव्हाच. मी म्हटलं, अक्का, तुम्ही माझी लिंक देताय, मी तुमची देते. तर म्हणाल्या, माझी नको. माझ्या जावेची द्या."

"मलाही तेच," सुशीलाबाई म्हणाल्या. "रुसवा काढायला आल्या होत्या. मी म्हटलं, बरं, झालं गेलं विसरले, आता तुमचं नाव घालते माझ्या पानावर. तर म्हणे, माझं नको." मग पलीकडच्या नवापूरच्या बाई म्हणाल्या, आम्हालाही. आणि कोपऱ्यातल्या एक म्हणाल्या, आम्हालाही. मी खांबाला टेकून उभी, हातात बिबड्यांची परात. आतापर्यंतचे सगळे फोन, धडगाव, चिंचपाडा, काठी, माझ्या हाताचा गुण, माझी हुशारी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि तुमचं ते सुपारी कातरत हसणं.

गावोगावी नारळ घेऊन हिंडलात आणि प्रत्येक दारी माझंच नाव सांगून आलात. आपल्या घरच्या माणसाचं कौतुक आपण करायचं नाही, ते लोकांनी करायचं, एवढा साधा नियम. आणि तो पाळताना माझे टोमणे, माझा अबोला, सगळं गिळून बसलात. मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? एकदा? मी काय आभाळाला हात लावले असते? लावले असते म्हणा, ते जाऊ द्या.

मला मात्र एकच गोष्ट हवी होती. मी परात खाली ठेवली आणि मीनाताईंच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "ताई, खरं सांगा. माझी द्या म्हणाल्या, एवढंच? की अजून काही बोलल्या माझ्याबद्दल?"

मीनाताई आधी सांगेनात. मग म्हणाल्या, "बोलल्या. म्हणाल्या, तिच्या तोंडावर सांगू नका, डोक्यावर बसेल. पण आमच्या घरात सगळ्यात चांगला हात तिचाच. मी आयुष्यभर चुलीशी बसले, मला तसा घाटा एकदाही जमला नाही."

मी पदर डोळ्याला लावला.

"फक्त," मीनाताई म्हणाल्या, "तेल जरा जास्तच ओतते, म्हणाल्या."

"जास्त नाही!" मी ओरडलेच. सगळ्या बाया दचकल्या, मग हसायला लागल्या, सुशीलाबाईंना तर ठसका लागला. मी रडत रडत त्यांना सांगत होते, घाट्याला तेवढं तेल लागतंच, अहो लागतंच, नाहीतर बिबडा हाताला चिकटतो.

लागतंच, अक्का. तुम्ही कितीही जणींना सांगून ठेवलं असलं तरी लागतंच. या, भांडा.